मनात आलं आणि घेतलं: मोह, ओढ आणि घाईच्या निर्णयांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरेदी, हप्ते आणि गुंतवणूक यांत घाईने घेतलेल्या निर्णयांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी मन कसं चालतं त्याचे, मग पैशांचे, शेवटी अपवादांचे. वाचायलाही घाई असेल तर थेट प्रश्न ६ वर जा.

१. एखादी वस्तू अगदी हवीहवीशी वाटते आणि घेतल्यावर आठवड्यात कपाटात जाते. असं का होतं?

कारण 'हवं' वाटणं आणि 'आवडणं' ही दोन कामं मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणा करतात. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळपास संपवलेले उंदीर समोरचं अन्न खायला उठत नसत. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारत. गोड आवडत होतं, फक्त त्याची ओढ उरली नव्हती. डोपामिन वाढवल्यावर नेमकं उलट झालं: ओढ वाढली, आवड होती तेवढीच राहिली.

म्हणून ओढ किती जोरात आहे यावरून वस्तू किती वापरली जाईल हे कळत नाही. त्याचा त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज मागच्या वापरावरून येतो. एअर फ्रायर घ्यावासा वाटतोय? आधी घेतलेला सँडविच मेकर गेल्या महिन्यात किती वेळा ओट्यावर आला ते आठवा. ट्रेडमिल हवी असेल, तर सायकलवर सध्या काय वाळत घातलंय ते पाहा.

२. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ना? मग 'डोपामिन डिटॉक्स' केल्यावर मोह कमी होईल का?

आनंदाचं रसायन ही ओळख चुकीची पडली आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. सुरुवातीला फळाचा रस मिळाला की पेशी चेतत. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाला गप्प राहिल्या. अपेक्षेप्रमाणे रस आला नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ लावला: हा संकेत अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा आहे.

'आउट फॉर डिलिव्हरी' हा मेसेज पार्सल उघडण्यापेक्षा गोड का लागतो, ते यावरून कळेल.

डिटॉक्सबद्दल सांगायचं तर उपाशी राहून किंवा मोबाइल बंद ठेवून डोपामिन 'धुऊन' निघत नाही. तरीही काही जणांना त्याचा उपयोग होतो, कारण तेवढा वेळ मोहाचे इशारे (नोटिफिकेशन, जाहिराती, रील) डोळ्यांसमोर येत नाहीत. तोच फायदा कायमचा कसा मिळवायचा ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. झटक्यात केलेली प्रत्येक खरेदी चुकीचीच असते का?

नाही. हॉकिन्स स्टर्न यांनी १९६२ मध्येच अशा खरेदीचे चार प्रकार सांगितले होते. दुकानात मीठ दिसल्यावर 'अरे, घरातलं संपलंय' हे आठवणं हा आठवणीचा प्रकार. 'स्वस्त असेल तर घेऊ' असं ठरवूनच बाहेर पडणं हा अर्धा ठरवलेला. वस्तू पहिल्यांदा दिसली आणि तिची गरज तिथल्या तिथे सुचली, हा तिसरा. आणि निव्वळ हुक्की आली म्हणून घेतलं, हा चौथा. पहिल्या दोघांत काही वावगं नाही. उरलेल्या दोघांसाठी हे पान आहे. एक प्रश्न पुरतो: ही वस्तू दिसण्याआधी, आज सकाळी, तिची उणीव जाणवत होती का?

४. रात्री उशिरा आणि पगाराच्या आठवड्यातच जास्त खरेदी का होते?

शांत मनाला तापलेल्या मनाचा अंदाज येत नाही आणि तापलेल्याला शांत मनाचा. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी या दरीचा बराच अभ्यास केला. १९९८ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये झालेल्या एका प्रयोगात कचेरीतल्या लोकांना पुढच्या आठवड्यात कोणता खाऊ हवा ते आधीच निवडायला सांगितलं. ज्यांना भूक लागलेली असताना विचारलं, त्यांनी आठवड्यानंतरसाठीही चिप्स-चॉकलेटसारखाच खाऊ जास्त निवडला. आजची भूक पुढच्या आठवड्यातही असेल, असं मन धरून चालतं. रिकाम्या पोटी किराणा मागवला की पिशवीत फरसाण वाढतं ते यामुळेच.

रात्री थकवा असतो, विचारायला कुणी जागं नसतं आणि स्क्रोल करायला वेळ असतो. पगाराच्या आठवड्यात खात्यातली शिल्लक ही 'खर्चायची रक्कम' वाटते. भाडं आणि हप्ते अजून कापले गेलेले नसतात. म्हणून सगळे हप्ते, एसआयपी आणि भाडं पगारानंतरच्या दोन-तीन दिवसांत जाईल अशी तारीख लावून घ्या. बहुतेक बँका आणि म्युच्युअल फंड तारीख बदलून देतात. रात्री दहानंतर खरेदीची ॲप बंद राहतील अशी वेळमर्यादा फोनच्या 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' सेटिंगमध्ये लागते. तिला पासकोड लावता येत असेल तर तो घरातल्या दुसऱ्या माणसाला ठेवायला द्या. स्वतःच्याच हातात असेल तर दोन रात्रींत ती सेटिंग उडते.

५. माझी इच्छाशक्तीच कमी आहे. व्यायामाने स्नायू वाढतात तशी ती वाढवता येते का?

या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज आहेत, म्हणून जरा विस्ताराने.

१९९८ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग गाजला. ताज्या चॉकलेट बिस्किटांसमोर बसून फक्त मुळे खावे लागलेल्या विद्यार्थ्यांनी नंतरचं न सुटणारं कोडं लवकर सोडून दिलं. त्यावरून इच्छाशक्ती हा वापरला की संपणारा साठा आहे, अशी कल्पना रुजली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर ही कल्पना एका ठरलेल्या पद्धतीने तपासली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. त्यामुळे 'दिवसभर मन मारलं, आता साठा संपला' हे कारण म्हणून वापरू नका. थकल्यावर निर्णय बिघडतात हे खरं, पण त्यावरचा उपाय झोप आहे.

जास्त उपयोगाचा अभ्यास २०१२ चा. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या २०५ प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं: आत्ता काही हवंसं वाटतंय का? ७,८२७ इच्छांची नोंद झाली. स्वतःवर चांगला ताबा असलेले लोक मोहाशी रोज कुस्ती करत असतील असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला मनाविरुद्धच्या इच्छा कमी येत होत्या आणि मन मारण्याची वेळही कमी येत होती. त्यांचे दिवसच तसे बेतलेले होते.

आमचा सल्ला यावरच उभा आहे: मोहाशी लढायची वेळ जितकी कमी येईल तितकं बरं. अर्ध्या तासात करण्यासारखी कामं अशी. खरेदीच्या ॲपमधली 'सेव्ह' केलेली कार्डं काढून टाका. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांकडे कार्डाचा मूळ नंबर न राहता टोकन (नंबरऐवजीचा सांकेतिक क्रमांक) राहतं, पण ते टोकनही एका क्लिकवर पैसे देतंच, म्हणून तेही डिलीट करा. जाहिरातींचे एसएमएस मोबाइल कंपनीच्या 'डू नॉट डिस्टर्ब' सेवेतून थांबवा. साड्या आणि कुर्त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप सोडायचा संकोच वाटत असेल तर म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप चालवणाऱ्या ताईंना कळतही नाही. 'लाइव्ह' साडीविक्री बघायचीच असेल तर गंमत म्हणून बघा, पण तेवढा वेळ फोन दुसऱ्याच्या हातात असू द्या.

६. 'चोवीस तास थांबा' हा नियम खरंच चालतो का? नेमका कसा पाळायचा?

चालतो, पण अर्धवट पाळला तर उलटा पडतो. आधी रकमेप्रमाणे मुदत ठरवा. महिना ४०,००० रुपये हातात येणाऱ्या माणसासाठी आम्ही हे प्रमाण सुचवतो: ५०० पर्यंत नियमच नको, नाहीतर माणूस वैतागून सगळंच सोडतो. ५०० ते ४,००० ला एक रात्र आणि एक पूर्ण दिवस. ४,००० ते २०,००० ला सात दिवस. त्यापुढे महिनाभर, म्हणजे मध्ये एक पगार आणि एक महिनाअखेर येऊन जाते.

वस्तू कागदावर लिहा: नाव, आजची किंमत, तारीख, घरात ती कुठे ठेवणार आणि तिच्यामुळे काय बाहेर जाणार. 'कुठे ठेवणार' या रकान्यातच बऱ्याच वस्तू गळतात. मुदत संपली की पुन्हा वाचा. अजूनही हवी असेल तर बिनदिक्कत घ्या. नियम नकार देण्यासाठी केलेला नाही.

हा नियम मोडतो तो साधारण तीन ठिकाणी. पहिलं, लोक कागदाऐवजी कार्टमध्ये वस्तू टाकून ठेवतात. मग ॲप रोज आठवण करून देतं, किंमत पन्नास रुपयांनी उतरली तरी सांगतं आणि थांबायच्या काळातच ओढ वाढते. दुसरं, थांबायचा वेळ रिव्ह्यू वाचण्यात जातो. तीन तास तुलना केल्यावर 'एवढा वेळ घातलाय तर घेऊनच टाकू' असं होतं. तुलना मुदत संपल्यानंतर करा. तिसरं, सेलचा अपवाद. 'सेल उद्या संपतोय' म्हणून एकदा सूट दिली की नियम उरत नाही. सेलमध्ये फक्त तेच घ्यायचं, जे सेल जाहीर होण्याआधी कागदावर आलं होतं.

नियम 'जर-तर' वाक्यात लिहिला तर जास्त पाळला जातो: 'जर ५०० च्या वरचं काही आवडलं, तर ॲप बंद करून वहीत लिहीन.' पीटर गोलवित्झर यांनी या पद्धतीचा पाया घातला. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा असं वाक्य ठरवणाऱ्यांचं काम स्पष्टपणे जास्त तडीस गेलं होतं.

७. त्या क्षणी तल्लफ सहनच होत नाही. तेव्हा काय करायचं?

'याचा विचारच करायचा नाही' हा सगळ्यात वाईट उपाय. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं, तर अस्वल डोक्यातून जाईना. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले ॲलन मार्लेट यांची पद्धत निराळी: तल्लफ चढते, टोकाला जाते आणि खतपाणी मिळालं नाही तर आपोआप उतरते. तिला विरोध न करता ती शरीरात कुठे जाणवते ते पाहायचं. छातीत, घशात, अंगठ्याच्या शिवशिवीत?

दहा मिनिटांचा टायमर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हात गुंतवणारं काम घ्या. भांडी घासणं उत्तम, कारण ओल्या हातांनी फोन धरता येत नाही. टायमर वाजल्यावरही ओढ तितकीच असेल तर आणखी दहा मिनिटं. तंबाखू किंवा दारूच्या तल्लफेला एवढं पुरेलच असं नाही. तिथे डॉक्टरांची मदत घ्या.

८. यूपीआय आल्यापासून पैसे कुठे जातात कळत नाही. हा भास आहे का?

नोटा मोजून देताना जे थोडं टोचतं, ते कार्डाने देताना बोथट होतं. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमआयटीत एमबीएच्या विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावून घेतली. कार्डाने पैसे द्यायचे होते त्या गटाची बोली रोख देणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट गेली. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे यूपीआय सुरू होण्याच्या पंधरा वर्षं आधी. यूपीआयमध्ये पैसे निदान लगेच खात्यातून जातात, क्रेडिट कार्डासारखे महिन्याने नाही. पण चहाच्या दहा रुपयांपासून फोनच्या वीस हजारांपर्यंत एकच हालचाल असल्यामुळे मनात लहान-मोठं असा भेद राहत नाही.

उपाय: खर्चाचं खातं वेगळं करा. पगाराच्या खात्यातून दर सोमवारी आठवड्याची ठरलेली रक्कम त्यात टाका आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोडा. आठवड्याची का? महिन्याची रक्कम पहिल्या दहा दिवसांत उडते. कार्डांसाठी बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करण्याची आणि मर्यादा कमी करण्याची सोय असते. रिझर्व्ह बँकेने ती २०२० पासून बंधनकारक केली आहे. मर्यादा २,००० वर आणून ठेवा. मोठी खरेदी करायची तेव्हा ती वाढवायला लागणारी दोन मिनिटं हीच इथली करामत आहे.

९. भिशी, आरडी असे 'अडकवलेले' पैसे शहाणपणाचे की जुन्या पद्धतीचे?

शहाणपणाचे, फक्त कोणते कशासाठी हे बघा. उद्याच्या स्वतःवर विश्वास नसलेला माणूस आजच हात बांधून घेतो, आणि असे बंध लोक आपणहून मागतात. फिलिपिन्समधल्या एका बँकेने ठरलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता न येणारं खातं देऊ केलं. व्याज जास्त नव्हतं, तरी २८ टक्के ग्राहकांनी ते घेतलं. चेन्नईत फ्रँक शिलबाख यांनी सायकलरिक्षा चालकांवर केलेल्या अभ्यासात अनेकांनी बिनशर्त पैशांऐवजी 'दारू न पिता आलास तरच पैसे' अशी अट आपणहून निवडली. दिवसा न पिण्यासाठी पैसे मिळणाऱ्यांची बचतही सुमारे निम्म्याने वाढली.

आरडीचा बंध आता सैल झाला आहे, कारण ॲपमधून ती दोन मिनिटांत मोडता येते. भिशी घट्ट असते ती चारचौघांच्या लाजेमुळे: हप्ता चुकवला तर शेजारच्या काकू विचारतात. पण भिशीला ठेवीसारखा विमा नाही. आयोजक पळाला किंवा आधी उचल घेतलेल्याने हप्ते थांबवले तर पैसे अडकतात. म्हणून भिशी दहा-बारा ओळखीच्या घरांपुरती, महिन्याच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत आणि सगळ्यांच्या सह्यांची वही असलेली असावी. 'महिना पाच टक्के परतावा' असं कुणी म्हणालं तर ती भिशी नाही, तिथून निघा.

१०. 'फक्त २ शिल्लक', 'ऑफर ०४:५९ मिनिटांत संपेल' हे खरं असतं का?

कधी खरं, कधी निव्वळ सजावट. खोटी घाई लावणं भारतात नियमबाह्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या पद्धतींची यादी दिली. न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी घालणं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' अशा बटणाने लाजवणं, शेवटच्या पानावर नवे शुल्क दाखवणं आणि सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणं हे सगळं त्यात येतं.

तपासायचं कसं? पान बंद करा, दुसऱ्या ब्राउझरच्या खासगी विंडोत उघडा. घड्याळ पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू झालं तर ते तुमच्यासाठीच लावलेलं आहे. स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

११. 'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणजे फुकटच ना? मग घ्यायला काय हरकत?

फुकट नाही, पण फार महागही नाही. खरा तोटा दुसरीकडे आहे.

३०,००० चा फोन, सहा हप्ते, दरमहा ५,०००. बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के धरू. बँकेच्या हिशेबात कर्ज सुमारे २८,७३० चं असतं आणि उरलेले १,२७० हे व्याज. विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुम्ही भरता, म्हणजे सुमारे २२९ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटीसह २३५. एकूण जादा ४६४ च्या आसपास. शिवाय एकरकमी देणाऱ्याला मिळणारी सूट अनेकदा हुकते.

मोठा तोटा मनातल्या हिशेबाचा. डोक्यात '५,०००' राहतात, '३०,०००' नाही. म्हणून दुकानात २२,००० च्या फोनसाठी गेलेला माणूस 'महिन्याला फक्त तेराशे-साडेतेराशे जास्त' म्हणत ३०,००० चा घेऊन येतो. आधी एकरकमी किमतीवर मॉडेल पक्कं करा, हप्त्यांचा विषय नंतर. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाचा किती भाग जातो हेही एकदा लिहून बघा. गृहकर्ज धरून तो ४० टक्क्यांपुढे असेल तर नवा हप्ता नको.

आणि क्रेडिट कार्डाचं 'किमान देय' भरणं यापेक्षा कितीतरी वाईट. ४०,००० थकले, व्याज महिना ३.५ टक्के आणि तुम्ही २,००० भरले, तर १,४०० व्याजात आणि २५२ जीएसटीत जातात. मुद्दल उतरते ३४८ रुपयांनी. शिवाय नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

१२. पाडव्याला, दसऱ्याला सोनं घेतो. ही घाईची खरेदी की गुंतवणूक?

साडेतीन मुहूर्त पंचांगात आधीपासून असतात, त्यामुळे तारीख ठरलेली आहे. घाई होते ती दागिना निवडताना. वेढणं घ्यायला गेलेले लोक गर्दीत नेकलेसवर जातात. दागिन्यात १,००,००० चं सोनं असेल, घडणावळ १२ टक्के आणि एकूण रकमेवर जीएसटी ३ टक्के, तर बिल १,१५,३६० होतं. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर हातात सोन्याचीच किंमत येते, घट कापली तर त्याहून कमी. घालायला हवा असेल तर दागिना घ्या; तो खर्च आनंदाचा आहे आणि तसाच मोजा. मुहूर्त साधायचा असेल तर एक ग्रॅमचं वळंही चालतं. बजेट ग्रॅममध्ये न ठरवता एकूण बिलात ठरवा आणि हॉलमार्कसोबत सहा अक्षरी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) पाहून घ्या.

१३. शेअर बाजारात ऑप्शनच्या सौद्यांत दोनदा नफा झाला. तिसऱ्यांदा गेला, तो भरून काढायला पुन्हा घातले. थांबता येत नाही.

गमावलेलं भरून काढायचा हा हट्ट प्रश्न २ मधल्या यंत्रणेचाच आहे, फक्त जास्त धारदार. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय सगळ्यात चिवट होते. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवर ते नोंदवलं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सचा तोटा झाला आणि तोट्याची बेरीज १.८ लाख कोटींच्या पुढे गेली.

'आता जपून खेळीन' याने थांबत नाही. ब्रोकरच्या ॲपमधून एफ-अँड-ओ (फ्युचर्स-ऑप्शन) विभागच बंद करा, उरलेले पैसे बँकेत परत घ्या आणि एकूण किती गेले तो आकडा घरात एका माणसाला सांगा. तो आकडा लपवलेला असतो तोवर भरून काढायची ओढ चालूच राहते. कर्ज काढून ट्रेडिंग केलं असेल तर प्रश्न १६ ही वाचा.

१४. घेऊन झालंय, आता पस्तावलोय. काय काय परत फिरवता येतं?

ऑनलाइन वस्तू: केवळ मन बदललं म्हणून परत करण्याचा सरसकट कायदेशीर हक्क भारतात नाही, विक्रेत्याचं धोरण चालतं. सदोष किंवा दाखवल्यापेक्षा वेगळी वस्तू मात्र नाकारता येते. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

ॲपवरचं कर्ज: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या काळाचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आधी जाहीर केलेलं प्रक्रिया शुल्क मात्र कापू शकतात. मुदत नेमकी किती ते कर्जाच्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये पाहा.

विमा: पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस. 'एफडीसारखंच आहे' म्हणून गळ्यात मारलेली पॉलिसी याच काळात परत करा, एजंट नातेवाईक असला तरी.

आपोआप कापले जाणारे सदस्यत्व शुल्क: कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. त्या सूचनेतून किंवा यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे' यादीतून ते रद्द होतं.

१५. मुलीचा हट्ट फार असतो. चॉकलेटचा तो प्रसिद्ध प्रयोग घरी करून बघू का?

स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी केलेला मार्शमेलोचा (समोरचा गोड खाऊ लगेच न खाता थांबलं तर जास्त मिळेल, असं मुलांना सांगितलेला) प्रयोग भविष्य सांगतो, हा समज आता बराच ओसरला आहे. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तो पुन्हा तपासला, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध मूळच्या निम्मा निघाला. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी घटला. दुसरा अभ्यास आई-बाबांच्या जास्त कामाचा आहे. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात, ज्या मुलांना दिलेला शब्द आधी पाळला गेला होता ती सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडला गेलेली तीनच मिनिटं.

तेव्हा परीक्षा मुलीची घेऊ नका. 'रविवारी आणू' म्हणालात तर रविवारी आणा. आणायचं नसेल तर तसं आत्ताच सांगा.

१६. ही सवय आहे की आजार, हे कसं ओळखायचं?

जुगार आणि गेमिंगचे विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीत स्वतंत्रपणे आहेत. अनिवार खरेदीला अजून वेगळी नोंद नाही. पण उपचार होतात. पार्सलं लपवणं, न उघडलेल्या पिशव्या साठणं, एक कर्ज फेडायला दुसरं घेणं, अनेकदा ठरवूनही न थांबणं, ही चिन्हं काही महिने टिकली तर मानसतज्ज्ञांकडे जा.

तीन अपवाद नीट लक्षात ठेवा. एरवी जपून खर्च करणारा माणूस अचानक उधळू लागला, चार-पाच दिवस अगदी कमी झोपूनही तरतरीत आहे, भरभर बोलतोय, मोठाले बेत आखतोय, तर हा उन्माद (मॅनिया हा मानसिक आजार) असू शकतो. तिथे प्रश्न ६ चा नियम निरुपयोगी आहे. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दुसरा, औषधं. पार्किन्सन्ससाठी (आणि पायांच्या अस्वस्थतेसाठीही) दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं जुगार, खरेदी, खाणं यांची अनावर ओढ लावू शकतात. २०१० मधल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ही औषधं घेणाऱ्या सुमारे १७ टक्के लोकांत असं दिसलं, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. आजोबा लॉटरीच्या नादी लागले असतील तर त्यांना बोलण्याआधी गोळ्यांची यादी पाहा. गोळी मनाने बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्टला सांगा. तिसरा, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि उतावीळपणाचा विकार): लहानपणापासून सगळ्याच बाबतीत उतावीळपणा असेल तर एकदा तपासणी करून घ्या.

टेली-मानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

१७. माझं उलट आहे. परवडत असूनही काहीच घेववत नाही, घेतलं तर अपराधी वाटतं. मलाही हेच नियम?

नाही, हे नियम तुमचं नुकसान करतील. रॅन किवेट्झ आणि इटामार सायमन्सन यांनी २००२ मध्ये अशा लोकांवर लिहिलं: चैन सतत पुढे ढकलणाऱ्यांना ती आधीच बांधून ठेवावी लागते. बक्षीस म्हणून रोख रक्कम आणि मौजेची वस्तू यांत काहींनी मुद्दाम वस्तू निवडली, कारण रोख मिळाली तर ती किराण्यातच जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

तुमच्यासाठी नियम उलटा लावा. महिन्याच्या उत्पन्नाचे तीन ते पाच टक्के वेगळ्या खात्यात टाका, त्याचा हिशेब ठेवू नका आणि तिमाही संपायच्या आत ते खर्च करा. शिल्लक पुढे न्यायची नाही. मुदत मुद्दाम जवळची ठेवा. २०१० च्या एका अभ्यासात केकच्या दुकानाचं तीन आठवड्यांचं कूपन दोन महिन्यांच्या कूपनापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी वापरलं, आधी विचारलं तेव्हा मात्र दोन महिन्यांचं कूपन मिळालेल्यांनाच आपण ते वापरू असं जास्त वाटत होतं. नाटकाची तिकिटं, कोकणातली दोन रात्रींची खोली अशा तारीख ठरलेल्या गोष्टी आधी घ्या. आणि त्या शक्यतो परतावा न मिळणाऱ्या दरात घ्या, म्हणजे आदल्या रात्री रद्द करायची सोय राहत नाही.